धुऱ्यावरची दोन वर्षं

सत्तावीस वर्षं मी प्रोबेशनमध्ये काढली. हे वाक्य कुठंही उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दया दाटून येते. नणंदेच्या लग्नात एका वयस्कर मामेसासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सूनबाई, इतकी वर्षं झाली, अजून पक्की नाही केली का तुम्हाला? कोणाशी बोलू का?" मी त्यांना समजावून सांगितलं की प्रोबेशनवर मी नसते, गुन्हेगार असतात, मी त्यांच्यावर देखरेख ठेवणारी अधिकारी. त्यावर त्यांनी दया आवरली आणि ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.

यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुरुंगसुधारणेवर लिहायला सांगितलं आहे. तुरुंग कसा सुधारावा ते मला ठाऊक नाही. माझी नोकरी माणसाला तिथं जाऊच न देण्याची होती, आणि या कामात मला कोणाची मदत झाली असेल तर ती आठवावी लागेल. पोलिसांची तर नाहीच. वर्ध्याचे एक जमादार मला दर भेटीत ऐकवायचे, "बाई, आमी पकडाचं आन् तुमी सोडाचं. एकाच सरकारची भाकर खातो ना आपण?"

काम सांगायला सोपं आहे. एखाद्याचा पहिलाच गुन्हा असतो, माणूस मुळात वाईट नसतो. कोर्ट त्याला दोषी ठरवतं, पण शिक्षा सुनावण्याआधी माझ्याकडून अहवाल मागवतं. मी गावात जायचं, घरचे, शेजारी, फिर्यादी, सगळ्यांना भेटायचं. अहवाल बरा असला तर कोर्ट त्याच्याकडून बंधपत्र लिहून घेतं की मी इतकी वर्षं चांगला वागेन, आणि त्याला घरी पाठवतं. दर महिन्याला त्यानं माझ्यासमोर यायचं. मधेच बिघडला तर जुन्या गुन्ह्याची शिक्षा उभीच असते.

हे करायला सरकारनं मला काय दिलं? वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीच्या मागं एक खोली, किल्ली हरवलेलं एक कपाट आणि सबंध जिल्हा. तिकडं आष्टीपासून इकडं अल्लीपूरच्या पुढपर्यंत, एसटीनं आणि पुढं पायी. एकदा अल्लीपूरकडच्या, किरकोळ चोरीत सापडलेल्या एका रखवालदाराचा अहवाल मला वेळेत देता आला नाही, कारण पुरानं रस्ता बंद होता. कोर्ट थांबलं नाही. तीन महिने आत राहून तो माणूस परत आला तेव्हा त्याची रखवाली दुसऱ्याला मिळाली होती आणि बायको माहेरी गेली होती. पुढं तो खरोखरच चोऱ्या करू लागला. तो अहवाल माझ्या पिशवीत अर्धा लिहून पडलेला होता. त्यानंतर मी पुराला जुमानलं नाही, पण त्याचा उपयोग त्याला झाला नाही.

प्रोबेशनवरच्या लोकांचंही काय सांगावं! 'चांगली वर्तणूक' या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागायचा. एक जण तालुक्याहून खास विचारायला आला होता, "बाई, सासरा शिव्या देऊन राह्यला. उत्तर देऊ, का कोर्टाले विचारा लागते?"

पण ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं, तो नामदेव.

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आष्टीपासून दीडेक तास पायी अंतरावरचं गाव. नामदेव तिशी ओलांडलेला, सातवी शिकलेला, कष्टाळू कास्तकार. त्याच्या शेताला लागून चुलतभावाचं, वसंताचं शेत. दोन्हींच्या मधे धुरा, म्हणजे बांध. उन्हाळवखरणीत वसंतानं धुऱ्याला घासून वखर घातलं आणि दोन तास, म्हणजे दोन ओळींएवढी जमीन, आपल्याकडं ओढली. निदान नामदेवचं म्हणणं असं. शब्दाला शब्द लागला आणि नामदेवनं हातातला दांडा वसंताच्या हातावर घातला. हाड दोन ठिकाणी मोडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, आणि खटला उभा राहिला.

मी अहवालासाठी गावात गेले तेव्हा नामदेव गोठ्यात होता. माझ्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना होता: पश्चात्ताप झाला आहे काय? मी विचारलं.

नामदेवनं बैलापुढं वैरण टाकली. "हाडाचा झाला, बाई," तो म्हणाला. "धुऱ्याचा नाई."

आता हे रकान्यात कसं बसवायचं? मी 'होय' लिहिलं.

त्याची बायको सुमन दोन मुलींना घेऊन दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "पेरणीच्या आंधी निकाल लागन का?" आणि ओसरीवर बाजेवर नामदेवचे वडील, दौलतराव बसले होते. बेचाळीसमध्ये आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले, त्यांत हे तरुणपणी होते. पुढं जेलमध्ये गेले. माफीच्या कागदावर सही कर, सुटशील, असं तिथं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी केली नाही. ही हकिगत त्यांनी मला दोनदा सांगितली. घरच्यांनी ती किती वेळा ऐकली असेल देव जाणे.

मी चांगला अहवाल दिला. तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी तो मान्यही केला. दोन वर्षांचं बंधपत्र, वडील जामीनदार. कारकुनानं कागद पुढं केला. दौलतरावांनी मुकाट्यानं सही केली. मग नामदेवनं तो कागद हातात घेतला, ओठ हलवत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"नाई करत," तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, लिहिता येत नसेल. "अंगठा दे."

"लिहिता येते साहेब. पण आमच्या घरात कागदावर सही करून कोणी सुटलं नाई. माह्या बाबानं इंग्रजाले नाई देल्ली."

कोर्टात हशा पिकला. मी मात्र तिथंच डोकं धरलं. साहेब संयमी होते. म्हणाले, "अरे, जामिनावर सुटताना सही केली होतीस ना?"

"ते तारखेवर येईन म्हणून होतं. आलो बी. हे चांगला वागीन म्हणून आहे. म्हंजे आजवर वाईट वागलो, असं कबूल केल्यासारखं होते."

वकिलांनाही सुचलं नसतं असं बोलणं! साहेबांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. नाही तर एक वर्षाची सजा, असं स्पष्ट सांगून उठले.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला काय काय नाही सांगितलं. शेत पडीक राहील, मुली लहान आहेत, जेलमधून आलेल्या माणसाला गावात कोण विचारतं. तो मान हलवत होता आणि जागचा हलत नव्हता. शेवटी मी दौलतरावांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा याला."

म्हातारा आधीच पेटलेला होता. "मी झेंड्यापायी गेलतो रे आत," ते काठी आपटून म्हणाले. "तू दोन तासापायी चालला. माह्या जेलाच्या शेजारी तुहं जेल नेऊन ठेवू नको."

नामदेवचा चेहरा पडला, पण तो म्हणाला, "बाबा, तुमीच तर शिकवलं."

म्हातारा बाकावर बसला. इतका वेळ सुमन भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली.

"नका करू सही," ती शांतपणे म्हणाली. "जा तुमी खुशाल. मी उद्या वसंताभाऊजीले सांगतो, धुरा तुमचा. पाह्यजे तितके तास ओढा. मले एकटीले भांडाले टाइम नाई."

नामदेवनं तिच्याकडं पाहिलं. ती बोलेल तसं करेल हे त्याला माहीत असावं. तो उठला आणि आत जाऊन सही करून आला. एवढं मोठं अक्षर काढलं की कारकून म्हणाला, पुढच्या जामीनदाराला जागा ठेव. जामीनदाराची सही आधीच झाली होती म्हणून बरं.

मला वाटलं, संपलं. संपलं कसलं, सुरू झालं.

वसंताचा हात बरा झाला. गावात कोणीतरी त्याला सांगितलं की नामदेवनं कोर्टाला लिहून दिलं आहे, दोन वर्षं त्याला हात उचलता येत नाही. वसंतानं पहिल्याच वखरणीत आणखी एक तास ओढला. नामदेव महिन्याच्या हजेरीला आला तेव्हा त्यानं हे मला सांगितलं.

"तुम्ही काय केलंत?"

"काई नाई. सही केली ना."

"शाब्बास," मी म्हटलं. "तलाठ्याकडं तक्रार द्या. मोजणीसाठी अर्ज करा."

अर्ज केला. पुढच्या महिन्यात तो आला. आणखी एक तास गेला होता. मोजणीवाले आले नव्हते. मी पत्र लिहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात मोजणी ऑफिसचं उत्तर आलं की अर्ज योग्य नमुन्यात नाही. योग्य नमुन्यात केला. मग शेतात पीक उभं आहे, काढणीनंतर पाहू, असं आलं. काढणी झाली, तर मोजणीदाराची बदली झाली. आणि नामदेव दर महिन्याला माझ्या टेबलासमोर उभा राहून बातमी द्यायचा, "बाई, अजून एक तास."

मी वसंताला भेटायला गेले. तो मोठ्या आदरानं "या मॅडम" म्हणाला, चहा दिला आणि म्हणाला, "मी कुठं काय केलं? वखर थोडं सरकते. हात मोडल्यापासून माह्या हाताले पकड नाई ना." हसलासुद्धा. त्याच्यावर माझा काही अधिकार नव्हता. तो फिर्यादी होता. बंधपत्र फक्त नामदेवनं लिहून दिलेलं.

खरं सांगायचं तर या काळात माझा राग वसंतावर कमी आणि नामदेववर जास्त होता. दर महिन्याला तीच रड. माझ्याकडं आणखी पुष्कळ माणसं होती. त्याला पाहिलं की मी वही उघडायची आणि भराभर विचारायची, "मारामारी?" "नाई." "दारू?" "नाई." "गाव सोडून गेलात?" "नाई." तीन खुणा झाल्या की, "अर्ज चालू आहे भाऊ, धीर धरा," म्हणून पुढच्याला हाक.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एके दुपारी तो अवचित आला. हजेरीचा दिवस नव्हता. पायात चप्पल नव्हती, अंगावर शेतातली मळकी बंडी, आणि हातात दांडा. आमचा शिपाई घाबरून दारात उभा राहिला. नामदेव आत आला आणि त्यानं तो दांडा माझ्या टेबलावर, कागदांवर आडवा ठेवला.

"हा ठेवा तुमच्यापाशी," तो म्हणाला. "आज मी उचललाच होता. तो धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, मार ना, मार. तुही बायको वाट पाहून राह्यली तू आत जायची. मी उचलला आन् मंग तसाच चालत सुटलो. आष्टीत एसटी उभी होती, बसलो."

म्हणजे तो माणूस हातातला दांडा खाली न ठेवता दीड तास चालला होता आणि पुढं एसटीत अर्धा जिल्हा ओलांडून माझ्यापर्यंत आला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो पाणी पीत असताना माझ्या तोंडून काय निघालं? "अर्ज चालू आहे भाऊ." सवयीनं निघालं. त्यानं पेला खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मला माझीच किळस आली.

त्याच दिवशी त्याला शिपायासोबत एसटी स्टँडवर पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजणीच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसले. साहेब दौऱ्यावर आहेत, म्हणाले. मी म्हटलं, बसते. तिसऱ्या दिवशीही मी बाकावर दिसले तेव्हा साहेब दौऱ्यावरून आले, आतल्या खोलीतून. त्यांनी विचारलं, "तुमची जमीन आहे का बाई?" मी म्हटलं, "नाही. माझी सही आहे." खरं तर सही नामदेवची होती, पण त्यांना ते पटलं असावं. तारीख मिळाली.

मोजणीला सगळं गाव लोटलं. दौलतराव काठी टेकत आले. वसंता पांढरा सदरा घालून आला. साखळी पडली, खुणा शोधल्या, नकाशा पसरला. मोजणीदारानं दोनदा मोजलं. मग त्यानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं की ज्या पट्ट्यावरून एवढं रामायण झालं तो नामदेवचाही नाही आणि वसंताचाही नाही. ती पांदण आहे, सरकारी वहिवाटीचा गाडीरस्ता. दोघांच्या वाडवडिलांनी दोन बाजूंनी वखरत वखरत तो गिळून टाकला होता आणि मधे धुरा घातला होता.

सगळे नकाशावर वाकले. वसंता पहिल्यांदा भानावर आला. "असं कसं होईन? आमच्या बापजाद्यापासून वाह्यतो आमी हे."

"आमी बी," नामदेव म्हणाला.

त्या दोघांनी दोन-अडीच वर्षांत एकमेकांच्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द. तासाभरात दोघं माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मोजणी चुकीची आहे, फेरमोजणी करावी, असा दोघांचा मिळून अर्ज लिहून द्या, म्हणाले. मी त्या उन्हात, धुऱ्याच्या कडेच्या बाभळीखाली, हे ऐकलं. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्या मोजणीसाठी मी तीन दिवस बाक झिजवला तिच्याविरुद्धचा अर्ज मीच लिहायचा! मी लिहिला. नामदेवनं त्यावर क्षणाचाही विलंब न लावता सही केली आणि पेन वसंताच्या हातात दिलं. वसंताच्या बोटांना खरोखरच पकड नव्हती. पेन दोनदा निसटलं. दुसऱ्यांदा ते नामदेवनं उचलून दिलं आणि कागद हलू नये म्हणून हातानं दाबून धरला. तो वसंताच्या बोटांकडं बघत होता. मग म्हणाला, "दवाखान्यात परत दाखवलं का?" वसंता म्हणाला, "नाई." पुढच्या आठवड्यात दोघं सेवाग्रामला गेल्याचं मला नंतर सुमनकडून कळलं.

फेरमोजणीचं काय झालं ते मला माहीत नाही. बहुधा अर्ज योग्य नमुन्यात नव्हता.

बंधपत्राची मुदत संपली त्या दिवशी नामदेव शेवटच्या हजेरीला आला. मी वही उघडली. "मारामारी?" "नाई." मी खूण केली. तो म्हणाला, "बाई, एक बोलू?"

"बोला ना."

"दोन वर्षं तुमी दर महिन्याले विचारलं, मारलं का. मी म्हटलं, नाई मारलं. पण कसं नाई मारलं, हे तुमी एकदा बी नाई विचारलं."

वहीत तसा रकाना नव्हता, पण हे उत्तर देण्याची लाज वाटण्याइतकी अक्कल मला तोवर आली होती. मी पेन खाली ठेवलं. "आता विचारते. कसं जमवलंत?"

तो खुर्ची ओढून बसला. "वसंता सकाळी धुऱ्यापासून वखर सुरू करे. मी दुसऱ्या टोकापासून सुरू करो, नाल्याकडून. धुऱ्यापाशी येता येता मले दिवस बुडे. तोवर तो बैल सोडून घरी गेलेला राहे. आमी एका येळी धुऱ्यावर येतच नव्हतो. ज्या दिवशी दांडा घेऊन आलतो ना तुमच्याकडं, त्याच्या आदल्या राती पाणी पडलं, नाल्याकडं चिखल होता म्हून मले इकडून सुरू करा लागलं."

एवढंच. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. मी 'धीर धरा, धीर धरा' म्हणत राहिले, आणि तिकडं त्यानं रागाला गाठूच न देता शेत वखरण्याची दिशाच बदलली होती.

शेवटच्या अहवालात मी हे सविस्तर लिहिलं. वरून तो परत आला. समासात शेरा होता: 'वर्तणूक समाधानकारक अथवा असमाधानकारक, यांपैकी एकच नमूद करावे.' मी 'समाधानकारक' लिहून पाठवला.

बऱ्याच वर्षांनी मला पुण्याला नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. मी त्यांना सांगितलं की रागीट माणसाला नुसतं राग आवर म्हणू नका. तो भांडणाच्या जागी कधी आणि कुठल्या बाजूनं पोचतो ते विचारा, आणि त्याचा दिवस उलट्या टोकापासून सुरू करून पाहा. मुलं भराभर लिहून घेत होती. शेवटी टाळ्या झाल्या. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, ही पद्धत तुम्हाला कशी सुचली?"

मी म्हटलं, "अनुभवातून."

कोणाच्या अनुभवातून, ते तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. टाळ्या मी घेतल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं वर्ध्याला परत आले.